पुढच्या वर्षीचं झाड

नंद्या,

तुझं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी लूसचा फोन आला. मला वाटलं, बिचारीला रडायचं असेल. मी स्टोव्ह बंद केला, खुर्ची ओढून नीट बसले, मनाची तयारी केली. आणि तुझी बायको मला काय विचारते? "ताई, झाड कधी आणायचं?"

मी म्हटलं, "कसलं झाड?" उगाच. कसलं ते मला पक्कं माहीत होतं.

"युवर ट्री," ती म्हणाली. "तुझं आणि नांदोचं." तुला ती नांदो म्हणते. "कार्निव्हल आला ना! तू त्याला शब्द दिला होतास. तू बघू म्हणाली होतीस."

यावर काय बोलायला हवं होतं ते मला तेव्हाही ठाऊक होतं. "लूस, मी बघू म्हणाले म्हणजे नाही म्हणाले." एवढंच. ते मी बोलले नाही. मी म्हटलं, "शनिवारी सकाळी आणू." फोन ठेवला आणि सिंकपाशी उभी राहून ढसाढसा रडले. त्यातलं तुझ्यासाठी किती आणि माझ्या लबाडीसाठी किती, मला सांगता यायचं नाही.

मंडळाच्या अंकवाल्यांनी तुझ्यावर लिहून मागितलंय. जन्म, शिक्षण, कॅनडात आगमन, आणि शेवटी 'मनमिळाऊ स्वभाव'. मी त्यांना सांगितलं, तो मनमिळाऊ वगैरे काही नव्हता, एक नंबरचा हट्टी होता, आणि मी लिहीन ते त्यालाच लिहीन. छापायचं तर छापा, नाहीतर राहू दे. तर हे तुला.

मागच्या वर्षीपासून सुरुवात करते, कारण सगळा घोटाळा तिथला आहे. तू दर फेब्रुवारीत बोलवायचास आणि मी दर फेब्रुवारीत काहीतरी काढायचे. विंटरमध्ये मी हायवेला गाडी घालत नाही. माझा गुडघा. मंडळाची मीटिंग. मागच्या वर्षी तू फोनच केला नाहीस. सरळ रिचमंड हिलला येऊन माझ्या कॉन्डोच्या खाली उभा राहिलास आणि बझर दाबून म्हणालास, "ताई, गरम कोट घाल आणि खाली ये. चार तासांचा रस्ता आहे, भांडण गाडीत करू." भांडलोही. वाटेतलं लंडन, इथलं कॅनडातलं, येईपर्यंत मी तुला ऐकवत होते की म्हातारपणी माणसं तीर्थयात्रेला नेतात, तू मला पार्किंग लॉटमध्ये नाचायला नेतोयस.

पार्किंग लॉटच होता की तो! विंडसरच्या त्या हॉलच्या मागे, शोव्हल करून काढलेल्या बर्फाचे ढीग चारी बाजूंना, आणि मधोमध तू कारखान्यातल्या तुझ्या हातांनी वेल्डिंग करून बनवलेलं लोखंडी पिंप, त्यात रोवलेलं दोन माणसं उंचीचं झाड. झाडाला काय काय लटकवलेलं! ब्लँकेटं, प्लॅस्टिकच्या बादल्या, पातेली, मुलांचे लोकरी टोपे, चॉकलेटच्या पिशव्या, रंगीत कागदाच्या फिती. लूसच्या गावाकडच्या बायका, पेरूतल्या त्या काहामार्का नावाच्या डोंगराळ मुलखातल्या, स्नो जॅकेटवर त्यांच्या त्या रुंद गवती हॅट घालून. डोंगरातल्या कार्निव्हलला म्हणे पाणी फेकतात, रंग फेकतात. इथे पाणी फेकलं तर माणूस जागीच गोठेल, म्हणून तुम्ही लोकांनी टाल्कम पावडरवर भागवलेलं. मी गाडीतून पाय खाली ठेवते न ठेवते तोच तू माझ्या काळ्या कोटावर मूठभर पावडर मारलीस. "नंद्या! ड्रायक्लीनचा आहे तो!" मी ओरडले. आजूबाजूच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, मी काहीतरी शुभ बोलले.

झाडाला ते लोक उन्शा म्हणतात. त्याच्याभोवती हात धरून फेर धरायचा, आणि नाचता नाचता एकेका जोडीने मध्ये जायचं, कुऱ्हाड घ्यायची, बुंध्यावर एक एक घाव घालायचा आणि परत फेरात यायचं. असं करत करत झाड पडलं की सगळ्यांनी तुटून पडायचं, ज्याला जे मिळेल ते त्याचं. एवढं तू मला सांगितलं होतंस. लूसचा पाय मुरगळला होता, म्हणून तू मला ओढलंस. "चल, माझी जोडी तू." मी म्हटलं, बहीण-भावाची जोडी चालते का? तू म्हणालास, इथे सगळं चालतं.

तू घाव घातलास तो अगदी लाडाने घातलास, झाडाला गुदगुल्या केल्यासारखा. मग कुऱ्हाड माझ्या हातात दिलीस आणि म्हणालास, "हळू, ताई."

आता मला सांग, 'हळू' म्हणजे काय समजायचं माणसाने? पाय घसरेल म्हणून हळू? गाण्यांचा आवाज इतका मोठा लावलेला की मला ते 'हळू' सुद्धा अर्धंच ऐकू आलं. माझं सगळं आयुष्य पुलांचे आणि इमारतींचे सांगाडे तपासण्यात गेलं. मी खाचेकडे बघितलं आणि मला लगेच दिसलं की हे झाड कुठे धरून राहिलंय आणि कुठे घाव बसला की जाईल. बाकीच्यांना हे दिसू नये याचं मला नवल वाटलं. एवढी धडधाकट माणसं, आणि नुसती टकटक करतायत! काम म्हणजे काम. मी पाय रोवले, कुऱ्हाड खांद्यावरून आणली आणि दिला ठेवून.

कडाड् करून गेलं झाड. पातेली, बादल्या, ब्लँकेटं, सगळं बर्फात. मी कुऱ्हाड वर धरून उभी, बक्षीस मिळाल्यासारखी. आणि मग एकच गिल्ला झाला, "माद्रीना! माद्रीना!" मुलं त्या ढिगावर तुटून पडली. तू बर्फात बसकण मारून पोट धरून हसत होतास. आणि फेरात एक म्हातारे गृहस्थ उभे होते, चांगली ठेवणीतली हॅट घालून हॅमिल्टनहून आलेले. त्यांची पाळी आलीच नव्हती. निम्म्या लोकांची आली नव्हती. ते गृहस्थ माझ्याकडे बघून फक्त हसले.

तेव्हा मला कळलं की घाव हळू घालायचा असतो, म्हणजे खेळ लांबतो, सगळ्यांचा हात लागतो. आणि ज्याच्या घावाने झाड पडेल, त्याने पुढच्या वर्षीचं झाड आणायचं असतं. झाड, भेटी, जेवण, वाजवणारे, सगळं. माद्रीना म्हणजे ती, पुढच्या वर्षीची यजमानीण.

"हे आधी सांगता आलं नाही?" मी तुझ्यावर खेकसले.

"हळू म्हणालो की!"

"हळू म्हणजे नियम सांगितला का, गाढवा?"

माझा चेहरा बघून तुला कळलं असणार. मला तिथून पळून जायचं होतं. आणि तू काय केलंस? उठलास, कपडे झटकलेस, हात वर केलास आणि सगळ्यांना ओरडून सांगितलंस की झाड मी तोडलं. माझ्या घावाने पडलं, ताईचा नुसता धक्का लागला. एकाचाही विश्वास बसला नाही. सगळ्यांनी बघितलं होतं. पण कुणी काही बोललं नाही, आणि मीही बोलले नाही. मी मुकाट कुऱ्हाड तुझ्या हातात दिली.

परत येताना गाडीत तू एक विचारलंस. म्हणालास, "तुला झाडाला हात लावायचा होता ना, ताई? आपल्या शिमग्यात."

मी म्हटलं, "काहीतरीच तुझं."

काहीतरीच नव्हतं, नंद्या. आपल्या गावात शिमग्याला होळीचं झाड आणायला पुरुष निघायचे, पोरं निघायची, तू बोटभर होतास तेव्हापासून निघायचास. झाड खांद्यांवर नाचवत आणायचे. आम्ही मुली आपल्या अंगणाच्या गडग्यापाशी. एकदा झाड आमच्या अगदी जवळून गेलं आणि मी हात पुढे केला, तर काकांनी माझा हात झटकला, "पोरींनी हात लावायचा नाही." तू झाडाखाली होतास, तू ते बघितलंस. रात्री मला येऊन म्हणालास, "मी तुझ्या वतीने लावला हात." मी तुला चापट मारली होती. तुझं वय काय आणि तुझी ऐट काय! आणि त्यावर मी काहीही न बोलता एवढं आयुष्य काढलं. विंडसरच्या पार्किंग लॉटमध्ये कुऱ्हाड हातात आली तेव्हा माझ्या खांद्यात जे आलं ते तिथून आलं होतं. तुला ते कळलं. मी तोंडावर नाही म्हटलं.

मग वर्षभर तू त्या झाडाच्या मागे लागलास. शेतकऱ्याशी बोललोय, पॉपलर देतो म्हणतोय. पिंपाचा तळ गंजला होता, नवा टाकला. ताई, तू भेटी आण, बाकीचं मी बघतो. आणि मी दर वेळी तुझं डोकं खायचे. त्यातलं एक भांडण तर अजून अर्धं पडलंय. मी म्हटलं, "नंद्या, हे आपलं नाही. दुसऱ्यांच्या सणात आपण किती घुसायचं? लूसचं आहे, ठीक आहे, तिने करावं. तू कशाला यजमान?" तू मग म्हणालास, "मग आपलं काय ते सांग. शिमगा? तो तरी कुठे तुझा होता?"

मी फोन आपटला. इतके दिवस बोलले नाही की माया काळजीत पडली. "आत्या, आर यू मॅड ॲट डॅड?" म्हणून तुझ्या लेकीने टेक्स्ट केला. मी लिहिलं, नो. आणि तुला मात्र उत्तर दिलं नाही. आज देते. नव्हता, नंद्या. माझा नव्हता. तू बरोबर होतास आणि म्हणूनच मला एवढा राग आला.

आता 'बघू'चं सांगते, म्हणजे वाचणाऱ्यांनाही कळेल.

आपल्या घरात 'बघू' म्हणजे नाही. सायकल घेऊ या? बघू. सहलीला जाऊ? बघू. बाबांच्या बघूतून कधी सायकल निघाली नाही. तोंडावर नाही म्हणायची लाज आणि हो म्हणायची इच्छा नाही, त्याला आपण मराठी माणसांनी हा सोयीचा शब्द करून ठेवलाय. मी तर त्यात तरबेज. पण लूसला हे कोण सांगणार? तुमचं नवीन लग्न झालेलं. तू फोनवर इकडच्या तिकडच्या मराठी मित्रांशी बोलायचास, त्यांना टाळायचास आणि शेवटी "बघू, बघू" म्हणून फोन ठेवायचास. तिने अर्थ विचारला. तू शब्दाला शब्द ठेवून सांगितलास. ती म्हणाली, "आह, नोस व्हेमोस!" म्हणजे तिच्या भाषेत, पुन्हा बघू एकमेकांना, भेटूच. निरोप घेताना म्हणतात. झालं! तेव्हापासून ती प्रत्येकाला निघताना बघू म्हणायला लागली. तिच्या बहिणी म्हणायला लागल्या. मायाच्या मैत्रिणी म्हणायला लागल्या. तू कुणाचीही चूक सुधारली नाहीस. आई तुझ्याकडे आली होती तेव्हा तिला कोण हसू यायचं! लूस म्हणजे उजेड, म्हणून आईने तिला ज्योती करून टाकलं, आणि ती तुला नांदो म्हणते तर आई म्हणायची, नांदो म्हणजे आशीर्वादच झाला गो. आई विमानतळावर निघाली तेव्हा लूस तिच्या गळ्यात पडून "बघू, आई, बघू" म्हणत रडत होती. आई मला म्हणाली, "हिचं बघू आपल्यापेक्षा बरं आहे."

त्यानंतर तू दोन्ही वापरायचास. आमचं आणि तुमचं.

संक्रांतीच्या आधी तुझा फोन आला. मंडळाच्या हळदीकुंकवाचं वाण माझ्याकडे होतं, मी जमिनीवर फतकल मारून स्टीलच्या वाट्या पिशव्यांत भरत बसले होते. फोन स्पीकरवर टाकलेला. तू म्हणालास, "ताई, या वर्षी येतेस ना? झाड तुझं आहे. माझं नाव नुसतं लावलंय."

"बघू."

तू हसत होतास असं मला वाटलं. म्हणालास, "कुठलं बघू, ताई? तुझं की आमचं?"

आणि मी म्हटलं, "माझं."

"बरं," तू म्हणालास.

"आता ठेवते, माझं काम पडलंय," मी म्हटलं. पडलंय कसलं डोंबलाचं काम! वाट्या कुठे पळून जात होत्या?

पुढच्याच आठवड्यात तू कामावरून आलास, दाराशी बाकावर बसून बूट काढायला वाकलास आणि गेलास. मायाने फोनवर मला एवढंच सांगितलं, "आत्या, ही हॅड वन बूट ऑन." ती पोर तेच तेच सांगत होती, आणि माझ्या डोक्यात त्या वेळीही काय चाललं होतं माहीत आहे? 'माझं.' मी 'माझं' म्हणाले. आपल्यातला शेवटचा शब्द तुझा 'बरं' आणि माझा 'काम पडलंय'.

फ्युनरल होममध्ये लोक रांगेने येऊन माझे हात धरत होते. लूसच्या बहिणी, त्यांचे नवरे, ते हॅमिल्टनचे म्हातारे. आणि जो तो मला म्हणे, तुम्ही नांदोला शब्द दिलात, किती बरं वाटलं त्याला. मला तेव्हा वाटलं, काहीतरी गैरसमज आहे, दुःखात कुणाला काय विचारायचं. लूसच्या फोनने उलगडा झाला. तू तिला सांगितलं होतंस, "ताई बघू म्हणाली." तिने ते तिच्या अर्थाने घेतलं आणि सगळ्या गावाला सांगितलं, असं मी धरून चालले. म्हणजे न दिलेल्या शब्दाबद्दल माझं कौतुक चाललं होतं, आणि मी ते मान खाली घालून घेत होते. चोराने सत्कार घ्यावा तसं.

तर गेल्या शनिवारी मी गेले. स्वतः गाडी चालवत. हो, तीच मी, विंटरमध्ये हायवेला गाडी न घालणारी. चॅटमच्या पुढे आडवा बर्फ सुरू झाला, पुढचा ट्रक दिसेना. मी तुला शिव्या देत, स्टीअरिंगला चिकटून चालवत राहिले. डिकीत वाट्यांचं खोकं खडखडत होतं. हळदीकुंकू झालं तेव्हा मी सुतकात, आणि एक खोकं माझ्या लॉकरमध्येच राहून गेलेलं. झाडाला टांगायला माझ्याकडे दुसरं होतं काय?

माया आणि तिचा मामा शेतावरून पॉपलर घेऊन आले होते. तुझं पिंप गराजमधून काढलं. छान केला होतास नवा तळ. पण तो बसवताना तुझी खोबण जरा मोठी झाली होती, नंद्या, झाड डावीकडे कलत होतं. मी म्हटलं, पाचर दोन्हीकडून मारायला हवी. मायाचा मामा म्हणाला, नांदो एकीकडूनच मारायचा. मी म्हटलं, नांदोचं चुकायचं. म्हटलं आणि हसले, आणि हसता हसता मला पुढे बोलवेना. मायाने माझ्या हातून हातोडा घेतला.

लूस आणि मी भेटी बांधायला बसलो. मी खोकं उघडलं तशी तिने विचारलं, या वाट्या कसल्या. मी सांगितलं, संक्रांतीला आम्ही बायका वाण लुटतो. लुटतो म्हणजे? म्हणजे देतो, पण म्हणायचं लुटतो. ती माझ्याकडे बघतच राहिली. "मग हे तेच आहे की!" म्हणाली, आणि तू गेल्यापासून मी तिला पहिल्यांदा हसताना बघितलं. ते हसू मला सोसवेना. मी मनात म्हटलं, आता नाही बोललीस तर कधीच बोलणार नाहीस.

"लूस," मी म्हटलं, "मी नांदोला बघू म्हणाले ना, ते तुझं बघू नव्हतं. आमच्या घरात बघू म्हणजे नाही. मी नाही म्हणाले होते."

ती वाटीला दोरा बांधत होती. बांधून पूर्ण केला, गाठ दाताने ओढली. "मला माहीत आहे," ती म्हणाली. "इतकी वर्षं तुमच्यात काढली, ताई. मला तुमचं बघू माहीत नाही होय? मी त्याला विचारलं, कुठलं बघू? तर म्हणाला, तिचं." मग माझ्या हातात ती वाटी देऊन म्हणाली, "मी म्हटलं, मग तू लोकांना का सांगतोस ती येणार म्हणून? तर म्हणाला, नाही म्हणाली आहे, पण येईल."

मी पुढच्या वाटीला दोरा बांधायला घेतला.

नंद्या, लूसला मी एवढंच सांगितलं. पुढचं तिला सांगू शकले नाही, ते तुला सांगते. तू जिवंत असतास तर मी आले नसते. हे खरं आहे. तू पुन्हा फोन केला असतास, मी गुडघा पुढे केला असता, तू एकटा त्या झाडाजवळ उभा राहिला असतास आणि हात वर करून सांगितलं असतंस की ताईला बरं नाही. माझ्यावर एवढा विश्वास ठेवलास आणि तो खरा ठरवायला तुला मरावं लागलं. ही गोष्ट मी कुठे ठेवू? लोक म्हणतात, स्वतःला दोष देऊ नकोस. का नको? दुसऱ्या कुणाला देऊ? तुझ्या कौतुकाचे शब्द लिहायला बसले की हेच एक वाक्य वर येतं.

दुपारी फेर सुरू झाला. यजमानांनी झाडाशी उभं राहायचं असतं, तर मी उभी. तुझ्या जागी माया, तुझी ती गवती हॅट घालून. कानांवर येत होती तिच्या. पहिली पावडर मला लूसनेच मारली, तोच काळा कोट. मी नुसती शिंकले. जोड्या येत होत्या, टकटक करून जात होत्या. तुझ्यासाठी कुणी कविता रचून म्हणत होतं, आपल्याकडे शिमग्यात फाका घालतात तशी वात्रट. तुझं टक्कल, तुझं नाचणं, सगळ्याचा उद्धार. लूस डोळे पुसत होती आणि हसत होती. हॅमिल्टनचे म्हातारे आले, त्यांनी हॅट काढून मला दिली धरायला, घाव घातला, आणि कुणी बघत नाही असं समजून आणखी एक घातला. सगळ्यांचा हात लागला. एकही माणूस राहिला नाही. झाड एवढ्याशा धाग्यावर उभं होतं.

मग मायाने आपला घाव घातला, लाडाने, अगदी तुझ्यासारखा, आणि कुऱ्हाड माझ्या हातात दिली. "आत्या," ती कानाशी येऊन म्हणाली, "हळू. ओके? हळू मीन्स जेंटली."

माझ्या भाचीला 'हळू' हा शब्द येतो हे मला माहीत नव्हतं.

मी खाचेकडे बघितलं. कुठे धरलंय ते मला दिसलं. हळू म्हणजे काय ते मला या वेळी चांगलं माहीत होतं, नियमही माहीत होता. माझं फिटलं होतं. नुसती टक् करून कुऱ्हाड पुढच्याला दिली असती तरी चाललं असतं. मी पाय रोवले.

झाड पडलं. वाट्या ठणठणत पार गाड्यांखाली गेल्या आणि पोरं त्यांच्या मागे. मी वाट बघितली. क्षणभर खरंच वाट बघितली, कुणीतरी पुढे होईल, हात वर करेल, म्हणेल की मी तोडलं. कुणी झालं नाही. मग मीच हात वर केला. "मी," मी मराठीतच ओरडले. "माझ्या घावाने पडलंय!"

निघताना सगळे गाडीपाशी आले. काच खाली केली तर पावडरीने पांढऱ्या झालेल्या चेहऱ्यांची गर्दी, आणि जो तो म्हणतोय, "बगू, ताई, बगू!" मी म्हटलं, "बघू."

कुठलं, असं विचारशील. तुमचं, नंद्या. तू फोनवर विचारलंस तेव्हाही मला एवढंच म्हणायचं होतं.